मग कळणार कसं?

शेवटची क्लिप टक् करून बसली. दाराच्या पॅनलवर चारही कडांनी तळहात फिरवून मी दाबून पाहिलं, बिजागरीकडचा खालचा कोपरा जरा उचललेला वाटला तो मुठीने हलकेच ठोकला आणि मागे सरकून उभी राहिले. दार पूर्वी होतं तसंच दिसत होतं. तेच करडं प्लास्टिक, तीच बारीक भोकांची जाळी, आणि आतल्या हँडलखाली बाबांच्या अंगठीने उमटवलेले तेच अर्धगोल ओरखडे. नवे स्पीकर बसवायला दोन दिवस मी आणि माझा भाचा त्या गाडीच्या दारांशी झटत होतो. त्याच्या बोटांना काळा चिकट थर बसला होता, माझ्या डाव्या मनगटावर पत्र्याची धार लागून लाल रेघ उठली होती. स्क्रूंची वाटी मांडीवर घेऊन तो जमिनीवर बसला होता. दाराकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, “आत्या, पण मग कळणार कसं?”

“काय?”

“आपण काहीतरी केलंय ते.”

गाणं लागलं की कळेल, असं मी म्हटलं. सतरा वर्षांच्या त्या मुलाने प्रश्न सहज विचारला होता आणि सहज सोडूनही दिला. माझ्याकडून मात्र तो सुटला नाही. रात्री हातांना तेल चोळून तो काळा चिकटा काढत असताना तो प्रश्न पुन्हा समोर आला, आणि दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबले असताना पुन्हा. कारण महिनाभरापूर्वी, वेगळ्याच खोलीत आणि वेगळ्याच वस्तूबद्दल, जवळजवळ हेच शब्द उलट्या बाजूने बोलले गेले होते. तेव्हा मी चिडले होते.

गाडी मूळची बाबांची. चौदा वर्षं त्यांनी ती चालवली आणि दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी फार काही न बोलता किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी त्या गाडीत कधी काही चिकटवलं नाही, टांगलं नाही, बदललं नाही. डॅशबोर्डचं फडकं वेगळं, काचेचं वेगळं. स्टिरिओ कंपनीचा, स्पीकर कंपनीचे. आता ते शेजारच्या सीटवर बसतात, पाय किंचित पुढे घेऊन, ब्रेक आपल्याच बाजूला असल्यासारखे. दार लावायची त्यांची जुनी सवय मात्र गेली नाही. एकदा लावतात, क्षणभर थांबतात, पुन्हा उघडून जरा जोरात लावतात. ते दार लागताना आतून काहीतरी खुळखुळायचं, पत्रा हलल्यासारखा आवाज यायचा आणि नीट लागलं याची खात्री एका फटक्यात त्यांना कधीच व्हायची नाही. गेल्या वर्षी त्यांच्याच बाजूच्या पुढच्या स्पीकरमधून खरखर यायला लागली. आधी फक्त खर्जातल्या सुरांना, मग बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या आवाजालाही. बाबा त्या जाळीपासून हातभर अंतरावर बसायचे आणि एकदाही काही म्हणाले नाहीत. आता गाडी माझी झाली म्हणून बोलत नसतील, असं मला वाटलं होतं.

जुना स्पीकर काढून हातात घेतला तेव्हा तो इतका हलका निघाला की मी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. मागचं चुंबक डबीच्या झाकणाएवढं. कागदी कोन मध्यभागी काळा आणि कडेला ओल लागून फिक्कट पडलेला. कोनाभोवतीची फोमची कड एका बाजूने भुसभुशीत झाली होती. नखाने स्पर्श केला तर तिची पूड बोटाला लागली. खरखर तिथूनच यायची. सोळा वर्षं त्या कागदाने सेकंदाला शेकडो वेळा पुढेमागे होत आमच्या घरातली सगळी गाणी वाजवली होती. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कोन, आणि कोनाला सैलसर धरून ठेवणारी कड, एवढाच त्याचा संसार. ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. स्पीकर बनवण्याचं सामान बदलत गेलं, कागदाच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचं प्लास्टिक आलं, फोमच्या जागी रबर आलं, पण मूळ कल्पनेला शंभर वर्षांत फारसा कुणी धक्का लावलेला नाही. त्या फाटक्या स्पीकरला मी लगेच टाकून देऊ शकले नाही. कागदात गुंडाळला, वर पेनाने ‘पुढचा, बाबांची बाजू’ असं लिहिलं आणि खोक्यात ठेवला.

नवे बसवायचे ठरवलं तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की गाडीच्या तोंडावरची रेघसुद्धा हलता कामा नये. पॅनलला एकही नवं भोक पाडायचं नाही, कंपनीची एकही वायर कापायची नाही, बाहेरून काहीही वेगळं दिसायला नको, आणि उद्या मनात आलं तर निम्म्या दिवसात सगळं पूर्ववत करता आलं पाहिजे. अशा अटी घातल्या की काम दुप्पट होतं, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल. पॅनल कापून मोठी गोल चकचकीत जाळी लावायची तर पानभर आकडे मोजावे लागत नाहीत. जे बसत नाही त्याला बाहेर जागा करून देता येते. आतच राहायचं म्हटलं की प्रत्येक मिलिमीटर कंपनीच्या माणसाने आधीच वापरलेला असतो. कंपनीने सोडलेल्या जागेत, तिने पाडलेल्या भोकांवर, तिच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगला, जोडून आपलं काम उरकायचं. जुन्या स्पीकरची प्लास्टिकची चौकट रिव्हेट मारून पत्र्याला जखडलेली होती. ती रिव्हेटं ड्रिलने एकेक काढताना पत्र्याचा कीस दाराच्या तळाशी पडत होता, आणि तो तिथेच राहिला तर गंज धरणार म्हणून भाच्याने चुंबक दोऱ्याला बांधून तो सगळा उचलला. हे त्याला मी सांगितलं नव्हतं.

पॅनल उघडण्याचा क्षण मला अजून आठवतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबलो, कारण हल्लीच्या दारांत एअरबॅगशी जोडलेले सेन्सर असू शकतात आणि तिथे घाई कामाची नाही. मग आतल्या हँडलच्या वाटीतलं छोटं झाकण काढलं, त्यामागे एक स्क्रू. हात टेकायच्या जागी रबराखाली दुसरा. खालून प्लास्टिकची पट्टी सरकवून ओढलं की क्लिपा एकामागून एक सुटतात. तो आवाज असा असतो की दर वेळी वाटतं काहीतरी मोडलं. नंतर पॅनल वर उचलायचं, काचेच्या कडेतून सोडवायचं, काचेच्या बटणांचा कपलर काढायचा, हँडलची तार आकड्यातून काढायची. आणि मग ते सगळं बाजूला झालं की दाराचं खरं अंग दिसतं. आत नुसता पत्रा, त्याला हातभर मोठी भोकं, त्यांच्यावर काळ्या डिंकाने चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा कागद. वरून काचेच्या फटीतून पावसाचं पाणी या पोकळीत उतरत असतं आणि तळाच्या बारीक भोकांतून निघून जात असतं, हे आपल्या गावीही नसतं. आपण हात टेकून बसतो त्याच्या दोन बोटं पलीकडे पाणी वाहत असतं. एका बोल्टवर पिवळ्या रंगाची खूण होती. हा बोल्ट मी घट्ट केला आहे, असं सांगणारी ती एका माणसाची खूण. ती करणारा नंतर पुढच्या दाराकडे वळला असेल, पॅनल लागलं असेल आणि त्या खुणेवर सोळा वर्षं कुणाची नजर पडली नसेल.

भाच्याने त्या खुणेचा फोटो काढला.

आता महिनाभरापूर्वीची ती खोली. बाबांची श्रवणचाचणी झाली होती आणि टेबलावर आलेखाचा कागद होता. डावीकडे खालच्या पट्टीचे सूर, उजवीकडे वरच्या पट्टीचे. बाबांची रेघ डावीकडे बऱ्यापैकी सरळ चालली होती आणि २००० हर्ट्झच्या पुढे एकदम खाली उतरली होती, टेकडीवरून पायवाट उतरावी तशी. वयाबरोबर बहुतेकांचं असंच होतं, वरच्या पट्टीपासून सुरुवात होते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. स, श, फ, ख. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. म्हणूनच ते सारखं म्हणायचे की आवाज येतो, पण काय बोलताय ते कळत नाही, आणि आम्ही मोठ्याने बोलायचो, जे मुळातच चुकीचं होतं. तो आलेख बघताना मला एकदम दाराचा स्पीकर आठवला. खर्जातला सूर लागला की ती खरखर उठायची, पण ती स्वतः वरच्याच पट्टीतली होती. बाबा गाडी माझी झाली म्हणून गप्प नव्हते. ती खरखर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

टेबलावर दोन यंत्रं ठेवली होती. एक कानामागे बसणारं, बारीक नळी कानात जाणारं. ते मोठं, म्हणून त्याची बॅटरी मोठी, ताकद जास्त, दोन मायक्रोफोन असल्याने समोरच्याचा आवाज मागच्या गोंगाटातून वेगळा काढणारं. दुसरं शेंगदाण्यापेक्षा लहान, कानाच्या नळीत आत शिरणारं, बाहेरून जवळजवळ न दिसणारं. त्याची ताकद कमी, आणि कान आतून बुजल्यामुळे आपलाच आवाज रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा घुमतो, हेही त्यांना समजावून सांगितलं गेलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि बोट लहानाकडे नेलं. “कुणाला कळायला नको,” ते म्हणाले. मी म्हटलं, “कळलं तर काय बिघडलं बाबा? चष्मा नाही का लावत तुम्ही?” ते खिडकीकडे बघत राहिले. मी वाद घातला. घरी येऊन पुन्हा घातला. ऐकू यावं म्हणून एवढं करायचं आणि त्यातलं जे चांगलं ते निव्वळ दिसण्यापायी सोडायचं, हे मला समजत नव्हतं. त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं, किंवा होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं. ते लहान यंत्रच घरी आलं. त्याची बॅटरी इतकी लहान की तिच्यावरचा पिवळा कागद सोलायला नखही पुरत नाही. सोलला की हवा लागू द्यायला मिनिटभर थांबावं लागतं, मग ती बसवायची. रात्री दिव्याखाली बसून बाबा ते करतात. बोटं थरथरतात, एखादी बॅटरी खाली पडते, फरशीवर गोल फिरत पलंगाखाली जाते. मदतीला गेलं तर हात वर करून थांबवतात.

आणि त्यानंतर महिन्याने मी पत्र्यात हात घालून, मनगट कापून घेऊन, कुणाला कळायला नको म्हणून जिवाचा आटापिटा करत होते.

भाच्याच्या प्रश्नानंतर मी स्वतःला बरीच कारणं देऊन पाहिली. बाहेरून काही दिसलं नाही की चोराची नजर जात नाही. गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला ती जशीच्या तशी हवी असते. कापलेलं पॅनल पुन्हा जोडता येत नाही. कारणं खरी आहेत, पण माझी नाहीत. मी ती गाडी विकणार नाही. मग मला काय हवं होतं? बाबा सीटवर बसले की त्यांचा हात सवयीने जिथे जातो तिथे तेच हँडल लागावं, तेच ओरखडे असावेत, डोळ्यांना काही नवीन खटकू नये, आणि तरीही कानांना काहीतरी नवीन मिळावं, एवढंच मला हवं होतं. म्हणजे बदल यावा, पण त्याने हाक मारून येऊ नये. हे स्वतःशी कबूल केल्यावर मला ती खोली आणि खिडकीकडे वळलेली त्यांची मान नव्याने दिसली.

दार शांत करायचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लोक स्पीकरच्या वॅटचे आकडे बघतात. दाराकडे कुणी बघत नाही. पण दारात बसवलेल्या स्पीकरचा खोका म्हणजे ते दारच. कोन पुढे ढकलला जातो तेव्हा मागची हवा ताणली जाते, मागे येतो तेव्हा उलट. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकांच्या विरुद्ध असतात, आणि पत्र्याच्या भोकांतून त्यांची गाठ पडली की खर्ज विरून जातो. कितीही चांगला स्पीकर असला तरी मग तो पोकळ वाजतो. म्हणून आतल्या पत्र्याची भोकं नीट बंद करावी लागतात, स्पीकरच्या कडेभोवती फोमची रिंग लावून जाळी आणि कोन यांच्यातली फट बुजवावी लागते, म्हणजे आवाज पॅनलच्या आत न भटकता जाळीतूनच बाहेर येतो. आमच्या दारात दाबाचा सेन्सर नाही हे आधी तपासून घेतलं होतं. काही गाड्यांमध्ये धडक ओळखण्यासाठी दाराच्या पोकळीतला हवेचा दाबच मोजला जातो, तिथे असली बुजवाबुजवी विचार न करता करायची नसते. बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावली. दोन मिलिमीटर जाडीचा ब्युटिल रबराचा थर, वर अॅल्युमिनियमचा पत्रा. आधी स्पिरिटने सगळा पत्रा पुसला, तीन फडकी काळी झाली. मग तुकडे कापून, हात भोकातून आत घालून, न बघता नुसत्या स्पर्शाने ते चिकटवायचे आणि छोट्या रोलरने दाबत राहायचं, वरची नक्षी सपाट होईपर्यंत. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर वजन बसलं की थरथर बरीचशी मोडते. तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळी सोडायची.

शीट लावण्याआधी भाच्याने बोटाच्या पेराने बाहेरून दारावर टकटक केली होती. टण्ण असा आवाज आला होता आणि थोडा वेळ रेंगाळला होता. लावून झाल्यावर पुन्हा केली. टप्. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा टकटक केली, मग शेजारच्या न केलेल्या दारावर केली, मग पुन्हा याच्यावर. बराच वेळ तो दोन दारांच्या मध्ये उभा राहून हेच करत होता.

खोलीचं माप मी चुकवलं, हे सांगायला हवं. स्पीकर १६.५ सेंटिमीटरचा, तो भोकात बसणार हे नक्की होतं. मागे जागा किती हे मोजताना मी काच वर असताना मोजलं. काच खाली उतरते तेव्हा ती बरोबर त्या पोकळीतून जाते, चुंबकाच्या मागून. सगळं आवळून झाल्यावर भाच्याने बटण दाबलं, काच खाली आली आणि कुठेतरी कर्र करून थांबली. काळजाचा ठोका चुकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. काचेला फक्त पुसता येणारा डाग पडला होता, पण स्पीकर काढावा लागला. जाड रिंग घालून तो पुढे आणला तर कोनाची कड जाळीला टेकत होती. जाळी कापायची नाही ही माझीच अट. शेवटी ते स्पीकर परत करून कमी खोलीचे, चपट्या चुंबकाचे आणले. तेवढा खोल खर्ज त्यांच्यातून येत नाही. रिंगही लाकडी भुश्याची न घेता प्लास्टिकची घेतली, कारण आतल्या ओलीने भुश्याची फुगते.

ट्वीटरचं, म्हणजे वरची पट्टी वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचं, दुःख वेगळंच. वरच्या पट्टीचा आवाज सरळ रेषेत जातो, कानाकडे तोंड केलेलं त्याला आवडतं. उत्तम जागा म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूचा खांब, पण त्याच्या आत कितीतरी गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते आणि तिच्या वाटेत काहीही बसवणं मला मान्य नाही. शिवाय ते दिसलं असतं. आरशाच्या मागच्या त्रिकोणी पॅनलमध्ये कंपनीच्या छोट्या ट्वीटरची जागा होती, बारीक जाळी आणि मागे कापडासारखं काही. नवा २५ मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्वीटर मी त्याच जाळीमागे बसवला. तो उघडा ठेवून ऐकला होता तेव्हा त्याच्यात एक स्वच्छ चमक होती. जाळीमागे गेल्यावर ती थोडी मंदावली. मी जाळी काढून ऐकलं, लावून ऐकलं, पुन्हा काढून ऐकलं. भाचा म्हणाला, “आत्या, उघडाच ठेव ना, किती छान वाटतंय.” त्याचं बरोबर होतं. मी जाळी लावली. चांगलं ऐकू येणं मी दिसण्यापायी सोडलं होतं, समजून उमजून, आणि त्या क्षणी माझ्याजवळही त्याला देण्यासारखं उत्तर नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी गाणं लावलं तर ते पोकळ वाजलं. आवाज होता, पण गाणारी व्यक्ती कुठेच नव्हती. सूर गाडीभर विखुरले होते आणि खर्ज जणू कुणी काढून घेतला होता. पोटात खड्डा पडला. रात्री झोप लागेना तेव्हा सुचलं की एका बाजूची प्लस-मायनस उलटी जोडली गेली असणार. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं मिळून एकमेकांचं काम खोडून काढतात. सकाळी पॅनल पुन्हा उघडलं. दीड व्होल्टचा साधा सेल वायरींना क्षणभर टेकवला. एका बाजूचा कोन बाहेर आला, दुसऱ्या बाजूचा आत ओढला गेला. कपलरमधल्या दोन पिना अदलाबदल केल्या. मग गाणं लावलं, आणि गायिका डॅशबोर्डच्या मधोमध, जरा वर, येऊन उभी राहिली. दोन ओळींच्या मधला तिचा श्वास ऐकू आला. सोळा वर्षं त्या गाडीत ते गाणं वाजत होतं आणि त्यात हा श्वास होता, हे मला माहीतच नव्हतं. मागे तंबोरा होता. तोही.

सगळंच सुधारलं असं मात्र नाही. आवाज आधीपेक्षा थोडा लहान झाला, कारण कंपनीचे हलके कोन थोड्या वीजेवर खणखणीत वाजतात, आणि जड रबरी कडेच्या नव्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी जास्त ताकद लागते. तीन डेसिबलचा फरक भरून काढायला वीज दुप्पट करावी लागते, आणि खोक्यावर ५० वॅट लिहिलं असलं तरी साध्या स्टिरिओतून सतत मिळते ती १५–२० वॅटच. काही जुनी रेकॉर्डिंग आता ऐकवत नाहीत. त्यांच्यातली शीळ, तुटकपणा सगळा उघडा पडला. आणि लहानपणी मागच्या सीटवर झोपून ऐकलेली जी दोन-तीन गाणी आहेत, ती मला नव्या स्पीकरवर परकी वाटली. माझ्या आठवणीत ती गाणी त्या कागदी कोनाच्या धूसर आवाजासकट होती. त्यांच्याभोवतीचं धुकं गेलं आणि त्यांच्याबरोबर मागची सीटही गेली. खोक्यात गुंडाळून ठेवलेल्या स्पीकरचा विचार त्या रात्री मनात येऊन गेला.

ट्रेबल आणि बासची बटणं मी शेजारच्या सीटवर बसून जुळवली, बाबांच्या जागेवर. वरची पट्टी जरा जास्त ठेवली, मला टोचेल इतकी. भाचा म्हणाला कर्कश वाटतंय. वाटू दे, म्हटलं. मग मी ते आजोबांसाठी आहे असं सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण खाली वाकून जाळीला कान लावून बसला.

रविवारी बाबांना न्यायला गेले. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांचं आवडतं गाणं लावून थांबवून ठेवलं होतं, नुसतं बोट टेकवायचा अवकाश. ते आले, कानातलं इवलंसं यंत्र डाव्या बोटाने दाबत, सवयीने छताला हात लावत सीटवर बसले. पाय पुढे घेतले. हँडल धरून दार ओढलं.

दार लागलं.

दुसऱ्यांदा उघडायला त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला. ते दाराकडे बघत होते. जाळीकडे, हँडलकडे, स्वतःच्या ओरखड्यांकडे. सगळं जागच्या जागी होतं. त्यांच्या आलेखाची डावी बाजू मला आठवली, ती सरळ चाललेली रेघ. दोन दिवसांत मी ते दार वीसेक वेळा लावलं असेन. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

“दार बदललंस?” बाबांनी विचारलं.

“नाही बाबा. तेच आहे.”

मी गाणं सुरू करायला बोट पुढे केलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. मग दार उघडलं, थोडं दूर जाऊ दिलं, आणि मान किंचित तिरकी करून, हळूच पुन्हा लावलं.